आपुलकी कक्ष

काही घरांत फोन सारखा वाजतो म्हणून माणसं वैतागलेली असतात. गोडगळ्यांच्या घरी तो वाजतच नसे. म्हणून ते अधूनमधून उचलून बघत, बंद तर पडला नाही ना. फोन ठणठणीत असायचा. त्याचं जास्तच वाईट वाटायचं. बिघाड असता तर दुरुस्तीवाल्याशी तरी चार शब्द बोलणं झालं असतं.

गोडगळे हे आडनाव नव्हे. आयुष्यभर रेडिओवर निवेदन केलेल्या या गृहस्थांना लोकांनीच दिलेली ती पदवी. त्यांनी पुराचा इशारा दिला तर ऐकणाऱ्याला वाटे, येऊ दे की पूर, एवढं गोड बोलावताहेत तर. निवृत्तीनंतर आवाज तसाच राहिला, ऐकणारं माणूस मात्र गेलं. बायको वारली. मुलगा परदेशात. महिन्यातून एकदा त्याचा फोन यायचा, तोही "बाबा, मीटिंग आहे, नंतर करतो" एवढं सांगण्यापुरता. नंतर म्हणजे पुढच्या महिन्यात. गोडगळे मग सकाळचा चहा झाला की वर्तमानपत्र मोठ्याने वाचत बसत. बाजारभावापर्यंत सगळं वाचून झालं की 'नमस्कार' म्हणत आणि थांबत. रिकाम्या घरातून उत्तर येत नसे. श्रोते आहेत असं समजून बोलायची सवय असल्यामुळे त्यांचं कसंबसं भागत होतं.

अशात एक दिवस फोन वाजला.

"सर, आपल्या आवाजाची समाजाला गरज आहे," पलीकडून कोणी तरी म्हणालं. गोडगळे बसल्या जागी उभे राहिले.

फोनवर सांगितलेलं ऑफिस चष्म्याच्या दुकानावर, तिसऱ्या मजल्यावर होतं. दारावर 'आपुलकी कक्ष' अशी पाटी होती. कोणाचा कक्ष, ते पाटीवर लिहायचं राहून गेलं होतं. आत ओळीने टेबलं, संगणक, हेडफोन आणि भिंतीवर हसऱ्या बाळाचं चित्र. इथले साहेब वयाने लहान आणि इतके सभ्य होते की खुर्ची ओढण्याआधी तिची माफी मागतील असं वाटे.

त्या दिवसांत शहरातल्या मोठ्या चौकात रोज संध्याकाळी माणसं येऊन बसत होती. चौकशी न करता कोणालाही उचलून आत टाकता येईल असा कायदा सरकारने आणला होता. तो मागे घ्या, एवढंच त्यांचं म्हणणं होतं.

"सर, ही मंडळी थंडीवाऱ्यात बसतात," साहेब म्हणाले. "त्यांना फोन करायचा. विचारपूस करायची. बस्स."

"सरकारच्या विरोधात बसलेल्यांची विचारपूस?"

"माणसंच आहेत ना सर तीही!"

गोडगळ्यांचे डोळे पाणावले. जगात अजून चांगुलपणा शिल्लक आहे आणि तो तिसऱ्या मजल्यावर आहे, याची त्यांना खात्री पटली.

पडद्यावर एकेका माणसाचा चौकात काढलेला फोटो असे. शेजारी त्याचं नाव, घर, नोकरी, मुलं, म्हातारे आईवडील, दुखणीखुपणी.

"हे सगळं तुम्हाला कळतं कसं?"

"सगळं उघड्यावरचं आहे, सर. आपण कोणाच्या कपाटाला हात लावत नाही. मतदार यादी, शाळांची संकेतस्थळं, लोकांनी हौसेने टाकलेले वाढदिवसाचे फोटो. लोक स्वतःच सांगतात. आपण फक्त लक्षात ठेवतो." मग त्यांनी कामातली एकमेव सूचना दिली. "शेवटी 'काळजी घ्या' म्हणायचं, सर. सावकाश."

गोडगळे कामाला लागले. पहिला फोन एका बेकरीवाल्याला. "नमस्कार! पहाटे दुकान उघडायला एकटेच जाता ना? त्या गल्लीतला दिवा बंद आहे म्हणे. काळजी घ्या." पलीकडे शांतता. भारावून गेला बिचारा, गोडगळ्यांना वाटलं. मग सरकारी वाचनालयातल्या बाईंना. "मुलगी धावण्याच्या शर्यतीत दुसरी आली, अभिनंदन! शाळेच्या पुढच्या फाटकाचं काम निघालंय, म्हणून ती हल्ली मागच्या फाटकाने निघते ना? एकटीच? काळजी घ्या." पलीकडे नुसता श्वास. फोन ठेवताना गोडगळ्यांना त्या बाईंचा थोडा हेवाच वाटला. आपली कोणी इतकी विचारपूस केली असती तर! जास्त नको. नुसतं 'गुडघा कसा आहे' एवढं विचारलं असतं तरी चाललं असतं.

रविवारी ते ताईकडे गेले. ताई म्हणजे थोरली बहीण, निवृत्त मुख्याध्यापिका. तिला हल्ली जवळजवळ ऐकू येत नसे. सगळ्या शहराने ज्या आवाजावर जीव टाकला, तो इथे उरलेल्या एकमेव नातेवाइकाला ऐकू येऊ नये, हा गोडगळ्यांच्या नशिबातला विनोद होता.

"नोकरी लागली म्हणे तुला? या वयात?" ताईने विचारलं.

"लोकांना फोन करतो! विचारपूस करतो!"

"काय करतोस?"

"विचारपूस!"

"म्हणजे काय बोलतोस? सांग की. मोठ्याने सांग. रेडिओसारखं कुजबुजू नकोस."

आता बहिऱ्या माणसापुढे आवाजाचे चढउतार काय कामाचे? लाडिक लय, हलकं हसू, मधली ती मऊ विश्रांती, सगळं बाजूला ठेवून गोडगळे बेंबीच्या देठापासून ओरडले, "तुमची मुलगी मागच्या फाटकाने निघते ना? एकटीच? काळजी घ्या!"

वर्तमानपत्रातली कात्रणं कापत बसलेल्या ताईच्या हातातली कात्री थांबली. शेजारचं दार धाडकन उघडलं आणि शेजारीण झाडू उगारून आत आली. "कोण आहे? कोण धमक्या देतंय ताईंना?"

"अहो, धमक्या कसल्या! मी भाऊ आहे त्यांचा!"

"मग भाऊ असं बोलतात का?" झाडू खाली आला नाही.

तिला कशीबशी वाटेला लावून गोडगळे परत आले, तर ताई त्यांच्याकडे वर्गाबाहेर उभ्या केलेल्या पोराकडे बघावं तशी बघत होती.

"हे तू कोणाला म्हणालास?"

"चौकात बसतात त्यांना! पण आपुलकीने, ताई! तुला आवाज ऐकू येत नाही म्हणून!"

"आवाज ऐकू येत नाही म्हणूनच शब्द ऐकू आले, गाढवा. काळजी घ्या म्हणालास. कोणापासून?"

गोडगळ्यांनी साहेबांचंच वाक्य पुढे केलं. "सगळं उघड्यावरचं असतं! आम्ही काही चोरत नाही!"

"बुजगावणं पाहिलंयस?" ताई म्हणाली. "सदरा कुठला तरी जुना, मडकं उकिरड्यावरचं, काठी कुंपणाची. एकेक वस्तू पडलेली असते तोवर पाखरू तिच्यावर येऊन बसतं. त्याच वस्तू जोडून कोणी तरी उभ्या केल्या की ते शेतात उतरत नाही. आणि जोडणारा म्हणतो, मी कुठे काय केलं, सगळं उघड्यावरच होतं! शाळेने ते फाटक आईबापांसाठी सांगितलं. तुझ्या साहेबासाठी नव्हे. आणि तू कोण आहेस माहितेय? बुजगावणं मुकं असतं. तू त्याला गळा दिलास."

"तुझं आपलं नेहमीचंच," असं म्हणून गोडगळे उठले. चहाही न घेता. बसमध्ये मात्र ते वाक्य डोक्यातून जाईना. कोणापासून?

दुसऱ्या दिवशी त्यांनी पडदा नीट पाहिला. काही नावांपुढे हिरवी खूण होती. ती त्यांनी पूर्वीही पाहिली होती आणि 'बोलणं छान झालं' असा तिचा अर्थ लावला होता. आता ती कोणत्या रकान्यात आहे ते वाचलं. रकान्याचं नाव होतं 'येणं बंद'. बेकरीवाल्यापुढे खूण होती. वाचनालयातल्या बाईंपुढे नव्हती. म्हणून त्यांना दुसरा फोन करायचा होता. या खेपेला विषय आईचा, तिच्या दम्याचा, आणि ती दुपारी घरात एकटी असते याचा.

गोडगळ्यांनी नंबर लावला. ते 'नमस्कार' म्हणताच बाई बोलायला लागल्या.

"कळलं मला. आजपासून मी चौकात जाणार नाही. मुलीला शाळेत पाठवलेलं नाही. खिडक्यासुद्धा उघडत नाही आम्ही. मैत्रिणींचे फोन घेत नाही, कोणी कोणाला काय सांगितलं असेल, कोणावर विश्वास ठेवायचा? एकट्याच बसलोय घरात. आता पुरे ना?"

गोडगळ्यांनी पडद्यावरची दम्याची ओळ हाताने झाकली.

"तुम्हाला मी ओळखलंय," बाई पुढे म्हणाल्या. "लहानपणी आमच्याकडे तुमचा कार्यक्रम लागायचा. आई म्हणायची, हा माणूस बोलायला लागला की निवांत झोप लागते. आता नाही लागत झोप. तिलाही नाही."

अरेरे! एकाकीपणा काय असतो हे ज्या माणसाला घरबसल्या पुरेपूर कळलं होतं, तोच माणूस दिवसभर फोनवरून एकाकीपणा वाटत होता! आणि त्यातून आपलंच मन रमवत होता!

साहेब टेबलांमधून फिरत येत होते. गोडगळ्यांनी घसा साफ केला आणि आयुष्यातल्या सर्वांत गोड आवाजात ते म्हणाले, "बाई, हा फोन तुम्हाला घाबरवण्यासाठी आहे. असे फोन तुम्हा सगळ्यांना येतात. प्रत्येकाला वाटतं, आपल्या एकट्यालाच आला. तसं वाटावं हीच तर युक्ती आहे. तुमच्याबद्दल यांना ठाऊक आहे ते फक्त इकडून तिकडून गोळा केलेलं आहे. मैत्रिणींना फोन करा. शाळेला सांगा. एखादा वकील गाठा. माझं हे बोलणं इथे ध्वनिमुद्रित होतंय आणि मी साक्ष द्यायला तयार आहे." साहेब जवळून जाताना कौतुकाने मान डोलावून गेले. त्यांना चाल ऐकू येत होती, शब्द नव्हेत. "तुमचं मला इतकं माहीत आहे, तर माझंही घ्या," गोडगळे म्हणाले, आणि त्यांनी आपला नंबर सांगितला, घर सांगितलं, बायको गेल्याचं सांगितलं, उजव्या गुडघ्याचंही सांगितलं. पलीकडे शांतता होती. ती कशाने होती, याचा अर्थ लावायचं धाडस या वेळी त्यांनी केलं नाही.

दिवसभर ते तेच बोलत राहिले. ज्यांच्यापुढे हिरव्या खुणा होत्या त्यांनाही शोधून शोधून. संध्याकाळी चौकातले नवे फोटो आले. पहिल्याच फोटोत बेकरीवाला मांडी घालून बसला होता.

साहेबांनी दिवसभराची ध्वनिमुद्रणं ऐकली आणि गोडगळ्यांना दारापर्यंत सोडलं. आवाज जराही चढवला नाही. "सर, घर दुसऱ्या मजल्यावर ना? जिन्यात उजेड कमी. मुलगा लांब." मग थोडं थांबून, "गुडघा कसा आहे? काळजी घ्या." सावकाश.

किती दिवसांपासून कोणी तरी हे विचारावं म्हणून गोडगळे वाट बघत होते! विचारणारा भेटला आणि गोडगळे गुडघ्याचा विचार न करता जिना उतरत सुटले.

घरी येऊन त्यांनी पडदे ओढले. दाराला आतून खुर्ची लावली. मग ते दोन-तीन दिवस बाहेर पडले नाहीत. वर्तमानपत्र वाचलं ते मनातल्या मनात. जिन्यात पाऊल वाजलं की ते श्वास धरून बसत. पाऊल पुढे जाई. ताईला सांगावं, तर ताईला फोनवर ऐकू येत नाही. जो फोन वाजावा म्हणून त्यांनी वर्षं काढली, तो आता वाजू नये असं त्यांना पहिल्यांदा वाटलं.

आणि एका संध्याकाळी तो वाजला.

त्यांनी वाजू दिला. थांबला. पुन्हा वाजला. शेवटी त्यांनी उचलला आणि गप्प राहिले. आपल्या त्या गप्प राहण्यात बेकरीवाल्याची, बाईंची, सगळ्यांची शांतता त्यांना ओळखू आली. ती भारावलेल्या माणसाची नव्हती.

"हॅलो? मी वाचनालयातली," आवाज आला. मागे गर्दीचा गलबला होता. "चौकातून बोलतेय. तुम्ही म्हणालात तसंच निघालं. एकीने सांगितलं मला फोन आला, की दुसरी म्हणाली मलाही. सगळे आपापल्या घरात दार लावून बसले होते हो! आता मुलांना शाळेतून आणायला आम्ही पाळीपाळीने जातो. वकीलही मिळालेत. त्यांना तुमची साक्ष हवीय." मग त्या जरा थांबल्या. "आणि तुमचा गुडघा कसा आहे?"

नागरिकहो, शब्द तेच होते. माहितीही तीच, एका अक्षराने कमीजास्त नाही. पण साहेबांना ती सापडली होती आणि बाईंना गोडगळ्यांनी आपल्या तोंडाने सांगितली होती. आपल्या पोरीची शाळा, आईचं आजारपण, घराचा पत्ता आपण शेजारधर्माने, कौतुकाने, विश्वासाने चारचौघांत सांगतो. ते ऐकणाऱ्याने काळजीपोटी लक्षात ठेवावं म्हणून सांगतो, कोणी त्याचा दोर वळून आपल्याच गळ्यात टाकावा म्हणून नव्हे. माहिती उघड्यावर आहे म्हणून माणूस उघड्यावर पडत नाही. आणि उद्या असा गोड फोन आपल्याला आला, तर तो खाली ठेवून पहिलं काम हे करावं: शेजाऱ्याचं दार वाजवून विचारावं, "तुम्हालाही आला का हो?"

गोडगळ्यांनी उत्तर द्यायला तोंड उघडलं. आयुष्यात पहिल्यांदा तो आवाज फाटला.

"दुखतो," ते म्हणाले. "जिना उतरताना जास्त."

"मग खाली थांबा जरा," बाई म्हणाल्या. "बेकरीवाले गाडी घेऊन निघालेत तुम्हाला आणायला."

गोडगळ्यांनी दाराची खुर्ची बाजूला केली.