पाठ केलेला तक्ता

ऐक ना, मधे बोलू नकोस, फक्त ऐक.

तुला माहितीये, बाबा कपड्यांच्या कारखान्यात कटिंग मास्तर. दोन वर्षं झाली, नजर कमी होतच चाललेली. तिथे दरवर्षी डोळे तपासतात, भिंतीवरचा अक्षरांचा तक्ता वाचायला लावतात. नोकरी जायची भीती, म्हणून मी त्या तक्त्याचा फोटो मिळवला आणि सातही ओळी बाबांकडून घोटून घेतल्या. भांडी घासता घासता मी विचारायचे, "चौथी ओळ?" की ते सुरू! आई म्हणायची, "एवढं शाळेत केलं असतंत तर साहेब झाला असतात." हसायचो गं आम्ही!

गेल्या महिन्यात मशीनचं पातं बोटावरून गेलं. बाबांनीच नोकरी सोडली. आता दिवसभर खाटेच्या कडेला बसून. बाथरूमला जायचं तरी आईचा खांदा लागतो. मग मी ते अंधांसाठीचं केंद्र शोधलं. पांढरी काठी घेऊन चालायला शिकवतात, बोलणारा फोन शिकवतात. एकच जागा उरलेली. काल तपासणी होती.

टेबलाशी बसलेल्या बाई फॉर्ममधून डोकं वर न काढता म्हणाल्या, "काका, समोरचा तक्ता दिसेल तेवढा वाचा."

आणि बाबा सुटले! घडाघड, सातही ओळी! अगं, तोच तक्ता, हुबेहूब. शेवटची ओळ तर मलाही तिथून दिसत नव्हती. आणि यांचं तोंड कुठे, तर खिडकीकडे!

"अहो, तुमची नजर माझ्यापेक्षा चांगलीये," बाई हसल्या. "मग आलात कशाला?"

"मुलीला उगाच काळजी," बाबा म्हणाले, आणि माझं मनगट असं दाबलं ना, की गप्प बस.

आधी वाटलं, सवयीनं बोलून गेले. नाही गं. चारचौघांत आंधळा म्हणवून घ्यायचं नव्हतं त्यांना.

बाईंनी माझ्याकडे बघितलं. "नक्की ना? बाहेर पाच जण थांबलेत."

एकच वाक्य बोलायचं होतं, की मीच पाठ करून घेतलंय. बाबांनी मनगट सोडलं नव्हतं. मी नुसतं 'हो' म्हटलं.

गेली जागा. पुढची तुकडी कधी, ते केंद्रातल्या लोकांनाही माहीत नाही. जिन्यात बाबा म्हणतात, "बघितलंस, एक अक्षर चुकलो नाही!" आणि पहिल्याच पायरीवर पाय हवेत. मी धरलं म्हणून वाचले. आज सकाळपासून भिंतीकडे तोंड करून पडलेत, चहासुद्धा घेतला नाही.

सांग ना, माझ्या जागी तू असतीस तर बोलली असतीस? त्यांच्या तोंडावर?