मध्यंतरापर्यंत पाहिलेला सिनेमा

गजेंद्र मास्तर बालाघाटच्या एका साप्ताहिकात सिनेमांवर लिहीत. आपण लिहायचं आणि गावानं मान डोलवायची, अशी त्यांना सवयच लागली होती. त्या शुक्रवारी मध्यंतरातच संपादकांचा फोन आला, की अंक आज लवकर छापायला जातोय. मास्तर उठले. निम्मा सिनेमा पाहिला की सगळा कळतो, हा त्यांचा जुना भ्रम.

निम्म्या सिनेमात होती शहराच्या कडेची एक जादूची कॉलनी. फाटकाच्या आत कायम पंच्याऐंशी साल. सगळे हसरे, सगळ्यांची दारं उघडी, भिंतीवरून खाऊच्या वाट्या जायच्या-यायच्या. मास्तरांना आपली भरवेलीची खाण-कॉलनी आठवली. त्यांनी लिहून टाकलं, अगदी असंच होतं आमचं. आमच्या कॉलनीत कुणाची वाटी कधी रिकामी परत गेली नाही.

मोठ्या शहरांतल्या समीक्षकांनी याच सिनेमाला बोचरं व्यंग म्हटलं, जुन्या दिवसांच्या गोडव्याची सालं काढणारं. या लोकांना माणुसकीच कळत नाही, असं मास्तरांनी चहाच्या टपरीवर जाहीर केलं. इकडे त्यांचा लेख मोबाइलवर फिरत होता, आणि जुने शेजारी वाचून रडू आल्याचं कळवत होते. मास्तर दोन दिवस हवेतच होते.

रविवारी आनंदीचा फोन आला. ही चैतरामकाकांची मुलगी, कॉलनीतल्या शेवटच्या क्वार्टरमधली, शाळेत मास्तरांची वर्गमैत्रीण. लेख वाचला, एवढंच म्हणाली; चांगला की वाईट, ते बोलली नाही. तीनच्या खेळाची दोन तिकिटं काढली आहेत, येशील का, असं विचारलं. मास्तर खुशीत गेले.

मध्यंतरानंतर जादूचं पितळ उघडं पडलं. वाटी घराघरांतून फिरायची आणि शेवटच्या घराआधी थांबायची. तिथे खाऊ पानावरून दिला जायचा, हात लागणार नाही असा, आणि सारी कॉलनी तशीच गोड हसत राहायची. थिएटरातले लोकही हसले. मास्तरांना हसता आलं नाही. त्यांना पळसाचं पान दिसत होतं आणि ते धरलेले स्वतःचे दहा वर्षांचे हात. शेवटच्या क्वार्टरात भांडं नेऊ नको, आईनं बजावलं होतं. का, हे त्यांनी कधी विचारलं नव्हतं. पुढे सगळं विसरूनही गेले होते, आणि वर हा लेख लिहिला होता. शेजारी आनंदी बसलेली होती. मास्तरांना धरणी दुभंगून पोटात घेईल तर बरं असं झालं.

बाहेर आल्यावर त्यांची नजर वर होईना. चुकलो, म्हणाले. नवीन लेख लिहितो म्हणाले.

"तू खोटं नाही लिवलं, गजेंद्र," आनंदी म्हणाली. "आमच्या घरून वाटी रिकामी गेलीच नाही. आलीच नाही तं जाईन कशी?"

मास्तरांनी वर पाहिलं, तर ती ऑटो शोधत होती.

"दर बुद्धपौर्णिमेले माय खीर जास्तीची करे. कोणाची वाटी आली तं भरून देऊ म्हणे. मंग संध्याकाळी आमालेच वाढे." तिनं ऑटोला हात केला. "काल तिले तुहा लेख वाचून दाखवला. सारा आयकला तिनं. मंग मले इचारते, हे कोणती कॉलनी होय बाई?"

ऑटो निघून गेला तरी मास्तर तिथेच उभे होते.