आवाज नसलेला किल्ला

टीव्हीजवळ सरकून बसावं असं केशवला फार वाटत होतं. पण जवळ गेलं की कोणीतरी विचारणार, काहून गा, दिसत नाही का? म्हणून तो मुकाट्याने भिंतीला टेकून बसला.

सक्करदऱ्याच्या त्या सासरच्या घरात दुपारीच हळद लागली होती. नवरदेव म्हणजे केशवचा धाकटा मेहुणा श्रीधर. मुंबईला नोकरीत होता, आणि येताना घरी खेळायचा कॉम्प्युटर घेऊन आला होता. पिवळ्या हातांनी तो टीव्हीमागच्या तारा जोडत होता. उद्या सकाळी त्याचं वऱ्हाड उमरेडला निघायचं होतं. न्यायचं केशवनेच, स्वतःच्या मॅटॅडोर गाडीने, आणि परतायचं दिवेलागणीनंतर.

चारुशीला, केशवची बायको, दाराशी बसली होती. तिचं हिरवं लुगडं त्याला दिसत होतं, तोंड दिसत नव्हतं. गेल्या दिवाळीपासून ज्याच्याकडे नीट पाहावं त्याच्याच मधोमध धुकं उभं राहायचं. हे त्याने कोणालाही सांगितलं नव्हतं. गाडी गेली तर खायचं काय? आणि रस्ता तर पाठच होता. कुठे चढ, कुठे वळण, कुठे खड्डा, सारं अंगाला ठाऊक होतं. मागच्या आठवड्यात पाचगावजवळ चारुशीला शेजारच्या सीटवरून "बैल!" म्हणून ओरडली, तेव्हा बैलबंडी हातभरावर होती. "पाहिली होती वं मी, तुले भेव दाखवत होतो," असं म्हणून तो हसला होता. ती हसली नव्हती. तेव्हापासून तिने तो विषयही काढला नव्हता.

"जवाईबापू, खेळाचा दांडा घ्या!" थोरला मेहुणा रुपराव ओरडला. "बर्डीवरच्या दुकानात तुमच्या मागं काय गर्दी राहे! आज पाहुण्यांना दाखवा."

केशवच्या अंगावर मूठभर मांस चढलं. चार वर्षांपूर्वी बर्डीच्या बाजारातल्या व्हिडिओ गेमच्या दुकानात ती मशीन आली होती. आत ताटाएवढी चकचकीत तबकडी फिरायची आणि पडद्यावर खरोखरचं कार्टून चालायचं. एक राजपुत्र, एक काळा किल्ला आणि पावलोपावली मरण. योग्य क्षणी दांडा योग्य बाजूला ओढला तर राजपुत्र वाचायचा, नाहीतर संपला. किल्ला पार करणारा केशव एकटाच होता. कसा, ते त्याने कोणाला सांगितलं नव्हतं. पुलाची साखळी खडखडली की डावीकडे. वटवाघळाचे पंख फडफडले की खाली. दोन प्रसंगांच्या मधे तबकडी पुढची जागा शोधेपर्यंत पडदा काळा व्हायचा, तेवढ्यात एक श्वास. पडदा तेव्हाही जरा अंधुक दिसायचा, पण त्याला वाटे, मशीनचाच दोष असेल.

तोच खेळ आता घरच्या कॉम्प्युटरवर आला होता. चित्र तेच, किल्ला तोच. मग भ्यायचं कशाला? कान तर शाबूत होते.

खेळाची कॅसेट फिरू लागली. टीव्हीवर रंगीत पट्टे धावले आणि खोलीभर अशी किरकिर सुरू झाली की पार्वतीबाई आत्यांनी कानावर पदर ओढला.

"लावली का नाही गा अजून?" रुपराव म्हणाला. "का राजपुत्रही हळद लावून राहिला?"

सगळे खिदळले. तेवढ्यात किरकिर थांबली.

केशवने दांडा घट्ट धरला आणि साखळीची वाट पाहू लागला. पंखा घरघरत होता. अंगणात कोणी पातेलं घासत होतं. साखळी काही वाजेना.

"अरेरे! गेला पाण्यात!" श्रीधर म्हणाला.

"आवाज वाढव गा जरा," केशव म्हणाला.

"आवाजच नाही भाऊजी याच्यात. मेला की नुसतं टीं करते. कॅसेटवर येवढंच मावते म्हणतात."

केशवने दाराकडे पाहिलं. हिरवं लुगडं जागचं हललं नव्हतं.

"बरं, पुन्हा," तो म्हणाला.

या वेळी त्याने साखळी मनात वाजवली. मनातच पूल कोसळला आणि त्याने दांडा डावीकडे ओढला.

"वाचला! वाचला!" पोरं ओरडली.

जमतंय! त्याने नेहमीसारखा एक श्वास घेतला. पण इथे पडदा काळा झालाच नाही. लागलीच टीं झालं.

"वटवाघूळ समोरून आलं ना भाऊजी! पाहत काय राहिले?"

तिसऱ्यांदा त्याने डोळे ताणताण ताणले. मधोमध धुकं आणि भोवती निळे-लाल चौकोन. त्याने दांडा ओढला, कुठल्या बाजूला ते त्यालाही कळलं नाही. टीं.

"राहू द्या," रुपरावाने त्याच्या पाठीवर थाप मारली. "सवय सुटली जवाईबापूंची. जवान माणसाचा खेळ हाय तो. चला, पानं मांडली."

लोक हसत उठले. सुटलो, केशवला वाटलं. कोणाला काहीच कळलं नव्हतं. सकाळी गाडीला हार घालतील, लेकरं खिडक्या धरून बसतील, परतताना अंधारात पाचगाव येईल.

हिरवं लुगडं जवळ आलं.

"तुले माहीत होतं, याच्यात आवाज नाही?" त्याने हळूच विचारलं.

"काल श्रीधरने लावून दाखवला तवाच समजलं. मीच म्हटलं त्याले, उद्या तुझ्या भाऊजीले खेळाले बसव. बर्डीवर तुम्ही डोळे मिटून, आवाजावरच खेळत होते. मी मागंच उभी राहो ना." तिने टीव्हीचं बटण बंद केलं. "मी कोणाले काही सांगणार नाही. तुम्हीच ठरवा. पण तुम्ही चालवणार त्या गाडीत मी बसणार नाही, अन् भावाच्या लग्नाले काहून नाही आली हे मले कोणी विचारू नये."

केशवने दांडा बाजूला ठेवला. मग त्याने खिशातून गाडीची किल्ली काढली.

"दादा," त्याने रुपरावाला हाक मारली, "उद्या गाडीले दुसरा ड्रायव्हर पाहा."

"काहून गा? खेळात हरले म्हणून रुसले काय?"

"मले तो पूल दिसला नाही."

"खेळातला?" रुपराव हसला.

"हो. अन् मागच्या आठवड्यात पाचगावच्या रस्त्यावरचे बैलही दिसले नव्हते."

रुपरावाचं हसू तोंडातच राहिलं. त्याने किल्ली घेतली आणि कामठीच्या ओळखीच्या ड्रायव्हरला निरोप धाडायला बाहेर गेला.

दुसऱ्या दिवशी परतताना केशव चारुशीलेच्या शेजारी बसला होता. पाचगावचं वळण त्याच्या अंगाला आधीच कळलं आणि त्याचा पाय ब्रेक समजून खालच्या पत्र्यावर करकचून दाबला गेला. गाडी काही थांबली नाही. बाहेरून घुंगरांचा आवाज आला आणि मागे पडला.

"बैल होते?" त्याने विचारलं.

"होते," चारुशीला म्हणाली. "दूर होते."