तेजलचा सुळा

सत्त्याण्णव सालची गोष्ट. येवल्याचा पुंजाराम पैठणीवर असे मोर विणायचा, की गल्लीतली मांजरं मागाखाली दबा धरून बसायची. पण त्या दिवशी नाशिकच्या एस.टी.त त्याची मान काही वर होत नव्हती. एका बाजूला लेक तेजल, दुसऱ्या बाजूला होणारी विहीण, मनमाडची भिमाबाई. ही बाई खाकरली तरी स्टेशनातली मालगाडी उभी राहायची म्हणे!

भिमाबाईला पोरगी पसंत, फक्त तिचा वर चढलेला सुळा नको. दातावर दात असलेली सून सासऱ्याला खाते म्हणे. तिच्या थोरल्या दोन्ही सुनांचे सुळे लग्नाआधी असेच उपटले होते. आधी सुळा काढा, मग सुपारी फोडू.

गंगापूर रोडच्या दवाखान्यात डॉक्टर पल्लवीनं सुळ्यावर टकटक केलं. "दुखतं?"

"नाय," तेजल म्हणाली.

"दुखतंय, दुखतंय," पुंजाराम खाली बघून पुटपुटला.

डॉक्टरनं एक्स-रे उजेडात धरला. "काका, दात ठणठणीत आहे. किडका, हलता दात चिमट्यानं ओढून निघतो. मोडलेला, हाडात रुतलेला असला तर हिरडी कापून, तुकडे करून काढायचा, टाके घालायचे. याला कशासाठी काढू? वाकडा आहे, तर तार लावू."

"तारेला वरीस जाईल. लगीन चैत्रात हाय," भिमाबाई म्हणाली. "वढा चिमट्यानं. बाईच्या जातीला एवढं काय!"

पुंजाराम जिभेनं आपली दाढ चाचपत राहिला.

तेजल खुर्चीतून उतरली. "बाबा, तुम्ही बसा इथं. सडकी दाढ तुमची हाय. कवाधरनं लवंग कोंबताय, मला काय दिसत नाय?"

पुंजाराम बसला. तेवढीच भिमाबाईच्या नजरेतून सुटका! चिमटा लावला तर दाढ वरच्यावर कडकन मोडली. मग हिरडी कापून डॉक्टरनं एकेक मूळ उकरून काढलं. जबडा सुन्न होता, दुखत काहीच नव्हतं. तरी त्याचे डोळे भरले. आपली सडकी दाढ सुटता सुटेना, अन् पोरीचा धडधाकट दात आपण एका शब्दावर देऊन टाकला होता.

टाके पडले. कापूस दाबून डॉक्टर म्हणाली, "आता तोंड उघडायचं नाही."

"चला, पोरीला बसवा," भिमाबाईनं फर्मावलं.

पुंजारामनं मान हलवली.

"डोकं काय हलवता? तोंडानं बोला की!"

त्यानं कापूस काढून हातात घेतला. हनुवटीवर रक्त ओघळलं. "नाय काढायचा," तो जड जिभेनं म्हणाला. "तोंड धड होतं तवाच बोलाया पाहिजे होतं. चुकलं माझं."

"काका, कापूस!" डॉक्टर ओरडली.

भिमाबाई पाय आपटत निघून गेली.

परतीच्या एस.टी.त तेजल खिडकीबाहेर बघून सुळ्यासकट हसत होती. पुंजारामला तिच्याकडं बघवेना. मनमाडला घर बघायला गेल्यावर पोहे देताना भिमाबाईच्या सुना तोंडाला पदर लावून हसल्या होत्या, ते त्याला आठवत होतं. किती वळणाच्या सुना, असं त्याला तेव्हा वाटलं होतं.