आजच सारवलंय

संघप्रियानं वाटेतल्या दोन चपला पायानं बाजूला सारल्या आणि एक नंबरच्या खोलीच्या उंबऱ्यावर उभं राहून शिपाई बालाजीला हाक मारली.

"हा ढीग उद्यापासून दिसायला नको. परवा तपासणी समिती येतेय."

"पण म्याडम, एक नंबरात चपला घालून कोन जातंय? पहिल्यापासूनची रीत हाय."

"बुद्धाची मूर्ती नव्या विहारात नेऊन वीस वर्षं झाली. आत आता नुसती भिंत आहे. भिंतीपुढं चपला काढायच्या? असलं सगळं सोडायलाच आपण धम्म घेतला ना?"

बालाजीनं मान डोलावली. बाईंपुढं कोण बोलणार! पालमचं हे कॉलेज वस्तीतल्या लोकांनी उभं केलेलं. पहिला वर्ग विहाराच्या खोलीत भरला म्हणून तिथं अजून चपला काढतात, हा इतिहास लेकराबाळांच्याही तोंडी होता. संघप्रिया इथंच शिकली आणि आता इथंच प्राचार्य झाली होती. समितीचं मत चांगलं पडलं तर विज्ञान शाखेला मान्यता मिळणार होती. नाही मिळाली, तर विज्ञानासाठी पोरींना परभणी गाठावी लागणार, म्हणजे निम्म्या घरीच बसणार. तिचा सगळा जीव त्या मान्यतेत अडकला होता.

दुसऱ्या दिवशी वर्ग चपला-बुटांसकट भरला. पुढच्या बाकांखाली पांढरे बूट चमकत होते. मेंढपाळाच्या घरची बबिता एरवी पुढं बसायची, आज ती शेवटच्या बाकावर पाय आत ओढून बसली होती. चपलेचा अंगठा तारेनं बांधलेला. संघप्रियानं प्रश्न विचारला तर पोरगी उठलीच नाही, बसल्या जागेवरून "येत न्हाई" म्हणाली. बबिताला येत नाही म्हणजे नवलच. पण समितीच्या गडबडीत ते नवल तिथंच राहिलं.

संध्याकाळी जेवताना तिनं नवा नियम घरी कौतुकानं सांगितला. वडील दत्तराव कॉलेजच्या पहिल्या तुकडीतले, पुढं शिक्षक होऊन निवृत्त झालेले. त्यांचा घास हातातच राहिला.

"मूर्तीसाठी न्हवतो काढत आमी चपला."

"मग कशासाठी?"

"मूर्ती तवा होती कुठं? ती मागून आली, दोन वर्षांनी. नुसती पत्र्याची खोली होती."

आई कुसुमबाईला हसू आवरेना. "सांगा की आता! अगं, तुझ्या बाबाच्या पायात पहिली चप्पल माझ्या बापानं घातली. लग्नात."

दत्तरावांनी तिच्याकडं रागानं पाहिलं, मग तेही हसले.

"पहिल्या दिवशी काही पोरं बूट घालून आलती. मी दारातच उभा. सरांनी माझे पाय बघितले आन् आधी सोताचे बूट काढले. म्हणले, समद्यांनी भाईर काढा रे, आजच सारवलंय."

"सारवलं नव्हतं?"

"कशाचं सारवन! लय फुफाटा. पण सर रोज तेच म्हणायचे. मूर्ती आल्यावर मग काही म्हणायची गरजच पडली न्हाई."

"आणि इतकी वर्षं तुम्ही बोलला नाहीत, बाबा?"

"काय बोलायचं? अनवाणी होतो म्हणून?" त्यांनी भाकरीचा तुकडा आमटीत बुडवला. "लाज वाटायची, पोरी. लोक भक्ती म्हणत, ते बरं वाटायचं."

संघप्रियाला बबिताच्या चपलेची ती तार आठवली. ताटातली भाकरी तशीच राहिली.

समिती आली. एक नंबरच्या दाराशी संघप्रियानं आपल्या चपला काढून भिंतीशी नीट लावल्या. बालाजी बघतच राहिला. आतली पोरं एकमेकांकडं बघत उठली आणि एकेक करून बाहेर चपला ठेवून पुन्हा आत येऊन बसली.

अध्यक्षांच्या कपाळाला आठ्या पडल्या.

"हे प्रार्थनास्थळ आहे का? तसं असेल तर अहवालात लिहावं लागेल."

"नाही सर, वर्ग आहे."

"मग चपला?"

"आजच सारवलंय."

अध्यक्षांनी आतल्या चकचकीत फरशीकडं पाहिलं, मग तिच्याकडं. ती दारातून हलली नाही. शेवटी त्यांनी वाकून नाड्या सोडल्या. मोज्यातून अंगठा बाहेर आला होता, तो त्यांनी घाईनं आत दुमडला.

संघप्रियानं आत जाऊन कालचाच प्रश्न विचारला.

पुढच्या बाकावरून बबिता उभी राहिली.