रस्त्यावरून दिसणारा पत्रा

कौलं होती तोवर आमचा माळा बरा असायचा. पण वांदरांनी उच्छाद मांडला. टोळी छपरावरून गेली की कौलांचा चुरा, आणि दर पावसाआधी माझ्या नवऱ्याला, प्रमोदला, कौलं बदलण्यावाचून दुसरं कामच नसायचं. शेवटी मुंबईला नोकरीत असलेल्या माझ्या दिरानं, धम्मदीपनं, स्वतःच्या खर्चानं निळा पत्रा घातला. वाडीतला पहिला रंगीत पत्रा. सासरे, आमचे बाबा, येणाऱ्या-जाणाऱ्याला थांबवून सांगायचे, "माज्या धाकट्यानं घातलान."

वांदरांचा बंदोबस्त झाला, पण माळ्याचा तवा झाला. भात, पेंढा, पिकत घातलेले आंबे, सगळं वरच, म्हणजे जाणं रोजचंच. मग उन्हाळा लागला की मी आणि प्रमोद पत्र्यावर माडाच्या झावळ्या अंथरायचो आणि काथ्यानं बांधायचो. दिसायला ओंगळ, कबूल. पण वर निदान श्वास घेता यायचा.

यंदा बुद्धपौर्णिमेला धम्मदीप बायकोला आणि लेकीला, सानवीला, घेऊन येणार होता. आदल्या दिवशी धुणं घेऊन आले, तर बाबा शिडीवर! झावळ्या सोडवून खाली टाकत होते.

"बाबा, काय चाललंय हे? माळा भाजून निघेल."

"भाजूंदे. पोरानं येवढा पतरा घातलान आणि तुमी त्याचा गोठा करून ठेवलाव. गेल्या साली आला तवा त्याला दिसलाच नाय. गाडीतनं उतरला की वरनंच दिसाया हवा."

आमची वाडी हातखंब्याच्या रस्त्याखाली, उतारावर. गाडीतून उतरणाऱ्याला आधी छपरं दिसतात, मग माणसं. मी प्रमोदला म्हटलं, तुम्ही तरी सांगा. तो म्हणाला, "ऱ्हाऊंदे गो, हौस हाय त्यांची." हौसेला मोल नाही म्हणतात. असतं, चांगलं असतं. मला तेव्हाही राग आला होता, पण सासऱ्याला शिडीवरून ओढून तर काढता येत नाही.

दुसऱ्या दिवशी सकाळी गाडी आली. बाबा धुतलेला सदरा घालून अंगणात उभे होते. धम्मदीप कानाला फोन लावून, पायऱ्यांकडे बघत खाली उतरला. बाबा एकदा त्याच्याकडे बघत, एकदा छपराकडे.

"यंदा वांदरांचा कायेक तरास नाय हो," बाबांनी सुचवून बघितलं.

"बरं झालं," धम्मदीप म्हणाला. "काय गरम होतंय, बाबा! पंखा कुठंय?"

बाबांची खाट ओटीवर, पंख्याखाली. ती त्यांनी लगेच लेकासुनेला दिली. मुंबईची माणसं आली की घरच्यांनी जागा सोडायची, ही आमच्याकडची रीतच. तिला कुणी नावं ठेवत नाही, मीही कधी ठेवली नव्हती.

दुपारी जेवणं झाल्यावर बाबा टोपली घेऊन माळ्यावर निघाले. "सानवीला पिकले ते निवडतो, नि तितंच पडतो जरा." मी म्हटलं, ओटीवर चटई घालते. ओटीवर जाऊबाई आणि पोर झोपली होती. बाबांनी ओठांवर बोट ठेवलं आणि शिडी चढले. माळ्याची खिडकी बंद होती, कारण आंब्यांच्या वासानं वांदरं आत शिरतात.

चहाला हाक मारली तर ओ नाही. प्रमोद वर गेला आणि ओरडला. बाबा पेंढ्यावर पडले होते, तोंड उघडं, अंगाला घामाचा थेंब नाही, हात लावला तर चटका बसावा इतकं अंग तापलेलं. शेजारी टोपलीत निवडलेले आंबे होते, देठ वर करून नीट लावलेले. धम्मदीपच्याच गाडीतून रत्नागिरीला नेलं. पोचेपर्यंत सगळं संपलं होतं.

माती झाल्यावर वाडीतली माणसं अंगणात बसली होती. धम्मदीप खूप रडला, ते खोटं नव्हतं. पण रडून झाल्यावर माणसाला कुणावर तरी बोट ठेवावंसं वाटतं.

"वहिनी," तो सगळ्यांदेखत म्हणाला, "गेल्या वर्षी छपरावर झावळ्या होत्या ना? यंदा का नाही घातल्यात? घरात म्हातारं माणूस, एवढं लक्ष ठेवायला नको?"

प्रमोदनं मान खाली घातली. त्याच्या भरवशावर राहिले असते तर ते दूषण मी जन्मभर वाहिलं असतं. माझ्या अंगाची लाही लाही झाली.

"घातल्या होत्या, भावोजी," मी म्हटलं. "परवा बाबांनीच काढल्या. रस्त्यावरनं तुम्हाला तुमचा पत्रा दिसावा म्हणून."

धम्मदीप उठला, चपला न घालता तापल्या अंगणातून पार टोकापर्यंत गेला आणि मान वर करून छपराकडे बघत राहिला. आल्यापासून पहिल्यांदाच.