मधली भिंत

आमच्या ऊस तोडणी संस्थेत कॉम्प्युटर आला तो भांडण मिटवायला. बारामती गट म्हणायचा, इंदापूरवाले आपल्या माणसांचा ऊस आधी तोडतात. इंदापूर गट नेमकं उलटं म्हणायचा. शेवटी ठराव झाला की लागणीच्या तारखेप्रमाणे मशीन नंबर लावेल आणि मशीन छापेल तीच तोडणीची चिठ्ठी खरी. हाताने लिहिलेल्या चिठ्ठीवरचा ऊस काट्यावर कुणी मोजूनही घेणार नाही. मशीनवर बसायचं काम माझ्याकडे आलं, आणि मी तेव्हा खूश झाले होते.

मशीन पुण्याच्या एका कंपनीकडून भाड्याने घेतलं. त्यांचा इंजिनिअर आला, त्या बैठकीला दोन्ही गटांचे पुढारी हजर होते. बिचाऱ्याने परत परत समजावलं. एकच डिस्क मोकळी ठेवा, ज्याला जेवढी जागा लागेल तेवढी तो वापरेल, आणि रोज टेपवर प्रत काढा. नाहीतर एका मशीनची दोन करता येतात, दोघांची जागा वेगळी, पासवर्ड वेगळा. पण मधली भिंत एकदा घातली की सहजासहजी हलत नाही.

"दोन करा," बारामती गटाचे संभाजीराव म्हणाले. "भावाभावात बी वाटणी झालेली बरी आसती."

"पर निम्मी निम्मी," आमचे भीमराव म्हणाले. ते संस्थेचे अध्यक्ष आणि इंदापूर गटाचे पुढारी.

इंदापूरकडे ऊस दुपटीहून जास्त, हे त्या खोलीत सगळ्यांना ठाऊक होतं. पण संभाजीरावांना कमी घेणं कमीपणाचं, आणि भीमरावांनी जास्त मागितलं की भांडण. म्हणून समान वाटणी झाली. टेपऐवजी दुसरा प्रिंटर घेतला, कारण एका गटाची चिठ्ठी दुसऱ्याच्या प्रिंटरवर छापली तर आभाळ कोसळलं असतं! माझं मत कुणी विचारलं नाही. विचारलं असतं तरी मी काय दिवे लावणार होते?

माझ्याकडे इंदापूरची बाजू राहिली, आणि ऐन हंगामात तिची जागा भरली. पलीकडची निम्मी डिस्क रिकामीच होती.

अडकले पहिले ते सणसरचे सोनबा आबा. सारा जन्म मेंढरांमागे गेलेला. गुडघे चालेनात, तेव्हा त्यांनी कळप विकून ऊस लावला. आयुष्यातला पहिला ऊस. ते खिडकीशी आले तेव्हा नवा फेटा बांधून आले होते.

"राजेश्वरी, पोरी, नंबर लागला नव्हं माजा?"

लागला होता. पडद्यावर नाव दिसत होतं. पण चिठ्ठी छापण्याआधी मशीन तिची नोंद करून घेतं, आणि नोंदीला जागा नव्हती.

"जागा न्हाय म्हंजी? येवढं मोठं खोकं हाय की."

"खोक्यात हाय, आबा. आपल्या वाट्याची संपलीया."

"मग त्यांच्यातली घ्या. आमी मेंढरं कुणाच्या बी वावरात बसवायचो. कुणी आडवलं न्हाय कवा."

जुन्या नोंदी पुसाव्यात, तर त्यात लागणीच्या तारखा. त्या गेल्या की सगळ्यांचे नंबर बिघडले. मी संभाजीरावांकडे पासवर्ड मागायला गेले. त्यांनी चहा पाजला आणि म्हणाले, "आज जागा देतो, उद्या नंबर मागचाल. तुमची तुमी भरली, त्यात आमचा काय दोष?" पुण्याला फोन केला. इंजिनिअर म्हणाला, भिंत सरकवायची तर सगळं पुसावं लागेल, आणि आधी सगळं काढून ठेवायला टेप हवी, ती तुम्ही घेतली नाहीत. नवी डिस्क पाठवतो, पण मागणीवर दोन्ही गटांच्या सह्या हव्यात. मशीन भाड्याचं, त्याचं झाकण उघडायचाही मला अधिकार नव्हता. सह्यांसाठी बैठक, आणि बैठकीला कधी हे नाहीत, कधी ते नाहीत. मला रडू यायचं, पण रडून डिस्क थोडीच वाढते.

आबा रोज यायचे. ऊस तुऱ्यावर आला होता. एकदा त्यांनी कांडं मधोमध चिरून माझ्यासमोर ठेवलं. "बघ, आतनं पोकळ व्हाय लागलाय." मी बघितलं. बघण्यापलीकडे मला काही करता येत नव्हतं, याची मला लाज वाटत होती.

मग एके दिवशी सकाळी ते आले ते धोतर काळं झालेलं, भुवया होरपळलेल्या.

"आबा! ऊस पेटला?"

"पेटिवला," ते हळूच म्हणाले. "जळिताला नंबर लागत न्हाय. जळीत आधी तोडत्यात. आता दे चिठ्ठी."

खरंच होतं त्यांचं. जळलेला ऊस लगेच तोडायचा, हा आमच्याकडचा पक्का नियम. मशीनमध्ये त्याची वेगळी सोय होती. मी ती उघडली, नाव घातलं, गाव घातलं, बटण दाबलं. जागा नाही. पुन्हा दाबलं. आबा खिडकीत कोपर टेकून माझ्या तोंडाकडे बघत होते, आणि मला मान वर करवेना.

"जळिताची बी नोंद त्यातच करावी लागती, आबा," मी शेवटी म्हणाले.

त्यांनी खिडकीतलं कोपर काढून घेतलं आणि म्हणाले, "आदी सांगितलं आसतंस तर." पण त्यांनी आधी विचारलंच कुठं होतं?

बैठक झाली, सह्या झाल्या, नवी डिस्क आली. तोवर आबांचा ऊस उभ्या जागी आंबला होता. इंजिनिअरने विचारलं, "ही सगळी इंदापूरला जोडू ना?" संभाजीरावांनी भीमरावांकडे बघितलं. मला वाटलं, आता तरी आमचा माणूस बोलेल.

"निम्मी निम्मी," भीमराव म्हणाले.

तरी आमच्या वाट्याला थोडी जागा आलीच. मी पहिली चिठ्ठी छापली ती आबांची. ते बाहेर पायरीवर बसले होते.

"कितवा नंबर हाय?" त्यांनी विचारलं.

"पहिला, आबा."

त्यांनी चिठ्ठीची घडी घातली आणि बंडीच्या खिशात नीट ठेवली. त्या उसाला आता कुठली तोडणीची टोळी हात लावणार नव्हती, हे आम्हा दोघांनाही माहीत होतं. "पयला आला म्हन की," असं म्हणून ते गुडघ्यावर हात टेकत उठले आणि सणसरच्या रस्त्याला लागले.